कुठला धंदा कुठे बसेल, ह्याचं गणित मांडायला कसं शिकायचं (सगळी उदाहरणं गोव्यातली)

आपल्याकडे कोणी नवीन कारखाना, कोल्ड स्टोरेज किंवा डेपो टाकायची गोष्ट काढली की पाच मिनिटांत कोणीतरी "वेर्ण्याला (तिथल्या औद्योगिक वसाहतीत) बघा रे" म्हणतोच, आणि तो चुकीचं बोलतो असंही नाही, पण का ते विचारलं की गाडी अडते. ते "का" आकड्यांत मांडणं म्हणजे लोकेशन मॉडेलिंग. इकॉनॉमिक्स, भूगोल, एमबीए, प्लॅनिंग, कुठूनही आलेला असाल आणि पहिल्यांदाच करत असाल तर खालच्या क्रमाने जा. एक्सेल किंवा लिबरऑफिस आणि दहावीचं गणित एवढ्यावर भागतं, पायथन येत असेल तर सोन्याहून पिवळं.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, पुढे ती परत परत येणार आहे: नवशिके फॉर्म्युल्याला घाबरतात आणि अंतराचा रकाना डोळे मिटून भरतात. गोव्यासारख्या नद्या आणि घाटांच्या मुलखात सगळा खेळ त्या रकान्यात असतो.

पायरी 1: प्रश्न एका वाक्यात लिहा

"गोव्यातल्या उद्योगांचं मॉडेल करायचंय" हा प्रश्नच नाही. "काजूची बोंडं पिळायचं युनिट बागेजवळ की शहराजवळ", "तीन अँब्युलन्स कुठे उभ्या करायच्या", "गिरीतला माणूस खरेदीला म्हापशाला जाईल की पणजीला" हे प्रश्न. प्रश्न लिहिला की मॉडेल जवळजवळ आपोआप ठरतं.

शेत कुठलं कुठे असेल, जमिनीचं भाडं किती, हे विचारायचं असेल तर योहान फॉन थ्यूनेन, 1826, जर्मनीतला जमीनदार, स्वतःच्या इस्टेटीचे हिशेब मांडून लिहिणारा. कारखाना कच्च्या मालाजवळ की गिऱ्हाइकाजवळ, तर आल्फ्रेड वेबर, 1909. दोन विक्रेते एकमेकांना चिकटून का बसतात, तर हॅरल्ड होटेलिंग, 1929. लहान गावात काय मिळतं आणि मोठ्या शहरात काय, तर वॉल्टर क्रिस्टालर, 1933. आणि सगळा धंदा एकाच पट्ट्यात का गोळा होतो हे विचारायचं असेल तर पॉल क्रुगमन, 1991 चा पेपर, ज्या कामासाठी त्यांना 2008 ला नोबेल मिळालं. सुरुवातीला क्रुगमनला हात लावू नका. वेबर आणि मीडियन (दोन्ही बाजूंना निम्मे-निम्मे लोक ठेवणारी मधली जागा, पायरी 5) ह्या दोन गोष्टी हाताला लागल्या की बाकीचं सोपं जातं.

थ्यूनेनबद्दल एवढंच, की त्याचा नियम सांगतो भाजी-दूध शहराच्या अगदी जवळ पिकायला हवं कारण ते नासतं आणि वाहतूक महाग. मग आपली भाजी बेळगावची का? रात्री चोर्ला घाटातून ट्रक उतरतो आणि सकाळी बाजारात माल असतो, म्हणजे वाहतूक इतकी स्वस्त झाली की भाजीचं कडं राज्याबाहेर सरकलं, आणि इकडे शहराजवळच्या जमिनीला फ्लॅट आणि व्हिलावाले जी बोली लावतात ती भेंडी-मिरची कधीच लावू शकत नाही. जमिनीच्या बोलीचं हे गणित विल्यम अलोन्सोने 1964 ला शहरांसाठी मांडलं. थ्यूनेन खोटा पडला नाही बरं का, त्यात घालायचे आकडे बदलले.

पायरी 2: डेटा गोळा करा, पण तो कधीचा आणि कशाचा ते बघा

लोकसंख्येसाठी 2011 ची जनगणना. त्यात गोव्याची लोकसंख्या 14,58,545 आहे आणि तालुके 11 आहेत, कारण धारबांदोडा त्यात वेगळा नाही. नकाशा 12 तालुक्यांचा आणि टेबल 11 चं असं जोडलं की एक ओळ रिकामी राहते आणि एक्सेल काही बोलत नाही, गप्प शून्य धरून पुढे जातं. आधी ओळी मोजा.

कारखान्यांसाठी वार्षिक उद्योग पाहणी आहे पण त्यात फक्त नोंदणीकृत कारखाने येतात, म्हणजे पोदेर (पाव भाजून विकणारा) नाही, काजूची भट्टी नाही, मासळीवाली नाही. छोटे धंदे बघायचे तर आर्थिक गणना, सहावी 2013-14 ची. जुनी आहे, पण गावापर्यंत जाते.

आणि हंगाम. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै ट्रॉलिंगबंदी, पावसात शॅक (किनाऱ्यावरची तात्पुरती हॉटेलं) काढलेले, फेब्रुवारी ते मे काजू. जुलैतला सर्व्हे घेऊन मालीमच्या मासेमारी जेटीवर किती लोक काम करतात हे ठरवलंत तर उत्तर भलतंच येणार.

डेटा हातात आला की पहिलं काम म्हणजे लोकेशन कोशंट. तालुक्यातल्या एकूण नोकऱ्यांपैकी हॉटेलातल्या किती टक्के, भागिले राज्यात किती टक्के. समजा तालुक्यात 20,000 पैकी 3,000 म्हणजे 15 टक्के आणि राज्यात 6 टक्के, तर कोशंट 2.5 (आकडे समजावण्यापुरते). 1 च्या वर गेलं की तो धंदा तिथे सरासरीपेक्षा दाट आहे. लहान तालुक्यात एकच मोठा कारखाना असला तरी कोशंट आकाशाला भिडतं, म्हणून बाजूला नुसता आकडाही लिहा.

पायरी 3: अंतराचा रकाना

इथे वेळ घाला. दोनापावलाच्या जेटीवर उभे राहा, समोर झुआरीच्या मुखापलीकडे मुरगाव बंदर दिसतं, सरळ रेषेत पाचेक किलोमीटर. आता रस्त्याने जा: बांबोळी, कुठ्ठाळीचा पूल, मग वास्को, तीसच्या वर किलोमीटर. साधारण सपाट मुलखात रस्ता हा सरळ रेषेच्या सव्वा ते दीड पट धरतात, इथे तो सहापट. अक्षांश-रेखांशावरून अंतर काढणारा फॉर्म्युला वापरलात तर तुमचं मॉडेल दोनापावलाच्या लोकांना मुरगावात भाजी आणायला पाठवेल.

म्हणून तीन गोष्टी करा. एक, अंतर रस्त्याने मोजा, ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा आणि क्यूजीआयएस (नकाशांचं सॉफ्टवेअर) दोन्ही फुकट आहेत, 11 गावांची 11 बाय 11 ची टेबल असेल तर मॅप उघडून हातानेसुद्धा भरता येते. दोन, किलोमीटरऐवजी मिनिटं घ्या आणि सकाळी नऊची वेगळी, दुपारी दोनची वेगळी घ्या, पर्वरीच्या ट्रॅफिकमधून रोज जाणाऱ्याला ह्याचं कारण सांगायला नको. चोडण-दिवाडीसारख्या बेटांवर फेरीबोटीसाठी थांबायची वेळ मिळवा, नुसती पाणी ओलांडायची धरू नका. तीन, सगळं रुपयांत आणा:

खर्च = चढवण्या-उतरवण्याचा खर्च + किलोमीटर × दर + तास × वेळेची किंमत

धरा हमाली 500, दर 40 रुपये किलोमीटर, गाडी-ड्रायव्हरचा तास 300. वरचं उदाहरण सरळ रेषेने 5 किलोमीटर आणि दहा मिनिटं धरली तर 500 + 200 + 50 म्हणजे 750 येतं, रस्त्याने 35 किलोमीटर आणि एक तास धरला तर 500 + 1,400 + 300 म्हणजे 2,200. जवळजवळ तिप्पट फरक, आणि फॉर्म्युला तोच.

ते हमालीचे 500 कितीही छोटी फेरी असली तरी लागतातच. म्हणून माल जिथे एका वाहनातून दुसऱ्यात जातो, जेटी, बंदर, रेल्वे यार्ड, तिथेच काहीतरी उद्योग टाकला तर एक हमाली वाचते.

पायरी 4: माल वाटेत हलका होतो की जड, हे विचारा

हा वेबर. कच्च्या मालाचं वजन भागिले तयार मालाचं वजन, हा त्याचा निर्देशांक. 1 च्या बरंच वर गेलं तर उद्योग कच्च्या मालाकडे ओढला जातो, खाली असेल तर बाजाराकडे. जे सगळीकडे मिळतं, उदाहरणार्थ पाणी, ते कच्च्या मालाच्या वजनात धरायचं नाही.

फेणी घ्या. बोंडं बागेत पडतात, तिथेच गोळा करून पिळतात, रस आंबवून पहिल्या वाफेला हुर्राक, हुर्राक परत आंबवलेल्या रसाबरोबर भट्टीत घालून फेणी. हिशोबाला धरूया 100 किलो बोंडांमागे 5 लिटर फेणी (तुमच्या गावच्या भट्टीवाल्याला विचारून खरा आकडा टाका), निर्देशांक 20 च्या आसपास. शिवाय बोंड झाडाखाली पडलं की दुसऱ्या दिवसाला खराब व्हायला लागतं. म्हणून भट्टी सत्तरीत, डिचोलीत, डोंगराच्या पायथ्याशी, आणि बाटली भरायचं, लेबल लावायचं काम शहराकडे, कारण भरलेली काचेची बाटली नेणं महाग आणि फुटण्याची भीती. एकाच धंद्याचे दोन तुकडे दोन ठिकाणी का, हे ह्या एका भागाकारातून दिसतं. बी मात्र वेगळी: वाळवलेली काजूबी महिनोन् महिने टिकते, म्हणून काजू फोडायचा कारखाना बागेला बांधलेला नाही, बाहेरून आणलेल्या बियांवरही चालतो.

उलट पोदेर. मैदा बाहेरून पोत्यात येतो, पाणी सगळीकडचं, आणि पाव दोन तासांत खायचा असतो. म्हणून पोदेर वाड्यावाड्यावर, आणि सकाळी सायकलचा भोंपू. इथे वजनापेक्षा ताजेपणा ठरवतो, तो मॉडेलमध्ये कमाल मिनिटांची अट म्हणून घालायचा.

तिसरं जरा मोठं उदाहरण, आमोण्याचा पिग आयर्न कारखाना. लोहखनिज वरच्या तालुक्यांतून, कोकसाठी लागणारा कोळसा समुद्रमार्गे बाहेरून, तयार लोखंड परत बाहेर. कागदावर तीन ठिपके काढा: खाण, बंदर, कारखाना, आणि मध्ये मांडवी जिच्यातून बार्ज (माल नेणारी सपाट बोट) चालते. बार्जचा दर ट्रकपेक्षा खूप कमी, त्यामुळे नदीकाठची जागा दोन्ही टोकांना स्वस्तात जोडते. 2012 ला खाणी बंद झाल्या तेव्हा त्रिकोणाचा एक कोपराच हलला, म्हणून अशा मॉडेलमध्ये प्रत्येक कोपरा एकदा पुसून उत्तर किती हलतं ते बघा.

पायरी 5: एकच जागा हवी असेल तर मीडियन, सरासरी नाही

जवळजवळ सगळे नवशिके लोकसंख्येने वजन दिलेला सरासरी अक्षांश-रेखांश काढतात आणि त्याला बेस्ट जागा म्हणतात. सरासरी अंतराच्या वर्गांची बेरीज कमी करते, तुम्हाला अंतरांची बेरीज कमी करायचीय.

कागदावर करून बघा. गोवा उत्तर-दक्षिण एक दोरी आहे असं धरा आणि 2011 ची तालुकावार लोकसंख्या हजारांत लिहा:

पेडणे 76, बार्देश 237, सत्तरी 64, डिचोली 98, तिसवाडी 177, फोंडा 166, मुरगाव 155, सासष्टी 294, सांगे 65, केपे 81, काणकोण 45.

बेरीज 1,458, अर्धी 729. वरून मिळवत या: 76, 313, 377, 475, तिसवाडीला 652, फोंड्याला 818. अर्धं ओलांडलं फोंड्यात, म्हणजे दोरीवरची बेस्ट जागा तीच. फोंडा आणि मुरगावचा क्रम उलटा केलात तर मुरगाव येतं, म्हणजे उत्तर झुआरीच्या पट्ट्यात कुठेतरी. आता काणकोण अजून 20 किलोमीटर दक्षिणेला ढकला. मीडियन तसूभर हलत नाही, सरासरी हलते. मीडियनला फक्त कोण कुठल्या बाजूला आणि किती एवढंच कळतं, किती लांब ते नाही.

दोरीवरून नकाशावर गेलात की एवढं सोपं उत्तर राहत नाही, तिथे एंड्रे वायझफेल्डने 1937 ला दिलेली पद्धत लागते: कुठलाही बिंदू घ्या, प्रत्येक गावाचं वजन त्याच्या अंतराने भागून नवी भारित सरासरी काढा, तिथे सरका, परत करा. एक्सेलमध्ये वीस-तीस ओळींत थांबतं. पण ते सरळ रेषेचं अंतर धरतं, आणि सरळ रेषेचं काय होतं ते वर बघितलंच. त्यामुळे मी म्हणेन आपल्याकडे वायझफेल्ड शिकण्यापुरता करा आणि खरं काम पुढच्या पद्धतीने.

पायरी 6: ठराविक जागांतून निवडा

जागांची यादी आधी ठरवा: वेर्णा, कुंडई, मडकई, बेतोडा, पिळर्ण, तुये, होंडा, कुंकळ्ळी अशा औद्योगिक वसाहती. मग पायरी 3 ची टेबल घ्या, प्रत्येक तालुक्याला सर्वात जवळची निवडलेली जागा द्या, लोकसंख्या गुणिले मिनिटं, बेरीज. जी जोडी किंवा तिकडी सर्वात कमी बेरीज देईल ती जिंकली. ह्याला पी-मीडियन म्हणतात, हकिमी ह्यांचा 1964 चा पेपर. 11 मधून 3 निवडायच्या तर 165 शक्यता, सगळ्या एक्सेलमध्ये मोजून होतात. 100 मधून 5 निवडायच्या म्हणालात तर साडेसात कोटींच्या वर जातात, तिथे पायथनमधलं पल्प (PuLP) किंवा तसलं काहीतरी सॉल्व्हर, म्हणजे सर्वात कमी बेरजेची निवड स्वतः शोधणारं साधन, लागतं.

आता खरी गंमत. अँब्युलन्ससाठी हेच चालवा. काणकोणचे 45 हजार, सासष्टीचे 294 हजार. बेरीज कमी करायचीय म्हटल्यावर मॉडेल काणकोणकडे बघतही नाही, तिथल्या माणसाला बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात) पोचायला साठ-सत्तर किलोमीटर, आणि एकूण सरासरी मात्र छान दिसते. उद्दिष्ट बदला: "20 मिनिटांत जास्तीत जास्त लोक" (कव्हरिंग मॉडेल, चर्च आणि रेव्हेल, 1974), किंवा "सर्वात लांबच्या माणसाचं अंतर कमीत कमी". तिन्ही उत्तरं वेगळी येतात. कुठलं बरोबर हे गणित सांगत नाही, ते पैसे देणाऱ्याने आणि लोकांनी ठरवायचं, तुम्ही तिन्ही नकाशे शेजारी ठेवून दाखवायचे. एकच नकाशा घेऊन मीटिंगला गेलात तर निर्णय तुम्हीच घेतलात, न विचारता.

पायरी 7: गिऱ्हाईक वाटून जातं तेव्हा

माणूस नेहमी जवळच्याच बाजाराला जात नाही. डेव्हिड हफ ह्यांचं 1960 च्या दशकातलं मॉडेल: बाजाराचा आकार भागिले अंतराचा घात, आणि त्याचा एकूणात वाटा. गिरीतून म्हापसा 4 किलोमीटर, पणजी 9, असं ढोबळ धरा. म्हापशात 200 दुकानं, पणजीत 300 (मनचे आकडे). घात 2 घेतला तर 200 ÷ 16 = 12.5 आणि 300 ÷ 81 = 3.7, म्हापशाचा वाटा 77 टक्के. घात 1 घेतला तर 50 आणि 33.3, वाटा 60 टक्के. हा घात पुस्तकातून उचलायचा नसतो, शंभरेक लोकांना विचारून बसवायचा असतो, आणि किराण्याला मोठा, सोनं-लग्नाच्या खरेदीला लहान येतो. शुक्रवारी म्हापशाचा आकार वेगळा धरा, बाजाराच्या दिवशी 200 दुकानांचं गाव ते राहत नाही.

पायरी 8: शून्यं टाका

काही जागा गणितात पहिल्या येतात आणि प्रत्यक्षात शून्य असतात. सीआरझेड (किनाऱ्यावरचं बांधकाम-नियंत्रण क्षेत्र), खाजन (खाडीकाठची बांध घातलेली शेतं), ऑर्चर्ड झोन (बागायतीसाठी राखलेली जमीन), अभयारण्य, आणि विरोध करणारं गाव. फोंडा तालुक्यातल्या केरीत नायलॉन सिक्स-सिक्सचा कारखाना 1990 च्या दशकात लोकांच्या विरोधामुळे झाला नाही, आणि 2007 च्या अखेरीस सरकारला सेझ (विशेष आर्थिक क्षेत्रं) रद्द करायचं जाहीर करावं लागलं. वाहतूक खर्चाच्या रकान्यात ह्यातलं काहीच दिसलं नसतं. वेगळा रकाना करा, 0 किंवा 1, आणि 0 का ते शेजारी शब्दांत लिहा.

होटेलिंग शिकताना किनाऱ्यावरच्या दोन विक्रेत्यांचं उदाहरण सगळीकडे देतात, दोघेही मध्याकडे सरकत येतात वगैरे. कळंगुट-बागाला जाऊन तपासायला जाऊ नका. शॅकच्या जागा सरकारी ड्रॉने मिळतात, कोणी कुठे सरकत नाही. तिथे होटेलिंग किमतीत आणि मेनूत शोधा: शेजारचे दोन शॅक एकाच भावात तेच किंगफिश फ्राय का देतात, हा जास्त चांगला प्रोजेक्ट आहे.

पायरी 9: मॉडेलला परीक्षा द्यायला लावा

आधीपासून बसलेला एखादा धंदा लपवा आणि मॉडेलला विचारा कुठे बसेल. मासळीच्या बर्फाचे कारखाने घ्या, जेट्यांची यादी द्या, बघा मालीम, खारीवाडा, कुटबण हे पट्टे सुचतात का. नाही सुचले तर वजनं नाहीतर अंतरं चुकलीत. मग दर 20 टक्के वर-खाली करा. उत्तर दर वेळी उडी मारत असेल तर "अमुक जागा" असं न लिहिता "ह्या तीन जागांत फरक नाही" असं लिहा, तेच खरं उत्तर असतं.

आणि जुनी अंतरं नव्या जगात वापरू नका. मोपा विमानतळावरून विमानं 5 जानेवारी 2023 पासून उडतात, झुआरीच्या नव्या पुलाची पहिली बाजू डिसेंबर 2022 ला उघडली, दुसरी डिसेंबर 2023 ला. पूल झाला म्हणजे छोट्या गावाला फायदाच असं धरू नका, क्रुगमनचं मॉडेल नेमकं हेच दाखवतं की वाहतूक महागाची मध्यम झाली की धंदा मोठ्या बाजाराकडे पळू शकतो, कारण आता मडगावचा होलसेलवाला तुमच्या गावापर्यंत स्वस्तात पोचतो. दोन वेगळ्या शीट ठेवा, पुलाआधीची आणि पुलानंतरची, दोन्हीच्या नावात तारीख टाका, आणि दोन्हीत तोच पी-मीडियन चालवा. कुठले तालुके एका जागेकडून दुसरीकडे गेले ते रंगवा आणि त्या गावांतल्या दुकानदारांना जाऊन विचारा माल आता कुठून येतो.